बार्बीच्या मापाचा घोडा: बाहुलीसाठी योग्य स्केल कसं ओळखायचं?

२०२३ मध्ये आलेल्या ‘बार्बी’ सिनेमातला केन आठवतोय? खऱ्या जगात गेल्यावर त्याला पुरुषसत्तेचं जेवढं अप्रूप वाटतं तेवढंच घोड्यांचंही वाटतं. पुढे तो कबूल करतो की, हे सगळं घोड्यांबद्दल नाही हे कळल्यावर आपला त्यातला रसच गेला. थिएटरमध्ये लोक हसले, पण बाहुल्या जमवणाऱ्यांना केनचं दुःख वेगळ्या कारणाने कळलं असेल. घोडा आवडणं सोपं आहे, आपल्या बाहुलीच्या मापाचा घोडा मिळणं मात्र अवघड आहे.

इन्स्टाग्रामवर डॉल फोटोग्राफीचे हॅशटॅग उघडून पाहा. कपडे, केस, कॅमेऱ्याच्या मापाचे चिमुकले कॅमेरे, सगळं जागच्या जागी असतं. आणि मग एखाद्या फोटोत साडेअकरा इंची बाहुली अशा घोड्यावर बसलेली दिसते की तिचे पाय जमिनीला टेकायला आलेत. घोडा सुंदर असतो, बाहुली सुंदर असते, पण एकत्र पाहिल्यावर वाटतं की ही मुलगी मोठ्या कुत्र्यावर बसली आहे.

आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर हे सगळं चालून जातं. तिथे वाघ बुरुजापेक्षा उंच असतो, महाराज मावळ्यांच्या चौपट असतात आणि कुणाचीही तक्रार नसते. पण हजारो रुपये घालून परदेशातून मागवलेला घोडा बॉक्समधून काढल्यावर बाहुलीच्या कमरेलाही लागत नाही, तेव्हा ती गंमत राहत नाही. एवढी वस्तू परत पाठवायचा खर्चही परवडत नाही. म्हणून आधी थोडं गणित करूया. ते पाचवीच्या वरचं नाही.

स्केल म्हणजे नेमकं काय?

खरी वस्तू किती पट लहान केली, ते सांगणारा आकडा म्हणजे स्केल. १:६ म्हणजे खऱ्याच्या एक षष्ठांश. फुटाच्या भाषेत, खऱ्या जगातला एक फूट इथे दोन इंच होतो. डॉलहाऊसवाल्यांचं आवडतं माप १:१२, म्हणजे एका फुटाला एक इंच. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी बांधलेलं आणि १९२४ मध्ये पूर्ण झालेलं, आज विंडसर कॅसलमध्ये असलेलं प्रसिद्ध बाहुलीघर याच मापाचं आहे.

बार्बी साडेअकरा इंचांची. तिला सहाने गुणलं की ६९ इंच येतात, म्हणजे पाच फूट नऊ इंच. उंच, पण शक्य कोटीतली बाई. १९६४ मध्ये आलेला जी. आय. जो जवळपास बारा इंचांचा, तोही याच घरातला. हॉट टॉइज वगैरे कंपन्यांच्या महागड्या सिनेमा फिगरही १:६ मध्येच बसतात. त्यामुळे जगात सगळ्यात जास्त शोध याच मापाच्या घोड्यांचा चालतो. बार्बीपासून सुरुवात करण्याचं कारणही तेच.

घोड्याची उंची कुठून कुठपर्यंत?

बहुतेकांची फसगत इथे होते. घोड्याची उंची कानाच्या टोकापर्यंत मोजत नाहीत. मान संपून पाठ सुरू होते तिथे खांद्यांवर एक उंचवटा असतो, जमिनीपासून त्या उंचवट्यापर्यंत मोजतात. कारण साधं आहे. डोकं खालीवर होत राहतं, हा उंचवटा जागचा हलत नाही.

इंग्रजी घोडेबाजारात ही उंची ‘हँड’मध्ये सांगतात. एक हँड म्हणजे चार इंच. त्याचं भाषांतर ‘हात’ असं करू नका. आपला हात कोपरापासून बोटांपर्यंतचा, सुमारे दीड फुटाचा. त्या हिशेबाने सोळा हातांचा घोडा चोवीस फूट उंच होईल आणि जिराफसुद्धा मान वर करून त्याच्याकडे पाहील. दुसरी गोम दशांशाची. १४.२ हँड म्हणजे चौदा पूर्णांक दोन दशांश हँड नव्हे, तर चौदा हँड आणि वर दोन इंच, म्हणजे ५८ इंच. बिंदूनंतर ३ च्या पुढे आकडा जातच नाही, कारण चार इंच झाले की पुढचा हँड सुरू.

आता भागाकार. चांगला उंचपुरा रायडिंगचा घोडा १६ हँडचा धरू, म्हणजे ६४ इंच. भागिले सहा, साधारण १०.७ इंच किंवा २७ सेंटिमीटर. मध्यम घोडा १५ हँडचा, म्हणजे ६० इंच. १:६ मध्ये बरोबर दहा इंच. हा दहा-अकरा इंचांचा आकडा खांद्याचा आहे. डोकं वर केलेला असाच घोडा कानापर्यंत मोजला तर चौदा-पंधरा इंच भरतो.

म्हणजे बार्बीचा मोठा घोडा बार्बीपेक्षा चांगलाच उंच हवा. दुकानात तो शेजारी ठेवला की अवाढव्य वाटतो. पण खरे घोडे माणसाशेजारी अवाढव्यच असतात. माथेरानला घोड्याजवळ पहिल्यांदा उभं राहिल्यावर प्रत्येकालाच ते जाणवतं, आणि तिथले घोडे तर फार उंच नसतात.

‘बारा इंची घोडा’ हा सापळा

ऑनलाइन लिस्टिंगमध्ये लिहिलेलं असतं, बारा इंची घोडा. आपल्याकडे बारा इंची बाहुली असते. मन म्हणतं, जुळलं! पण तो बारा इंचांचा आकडा बऱ्याचदा नाकापासून शेपटीपर्यंतच्या लांबीचा असतो.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे ब्रेयर. घोड्यांच्या मॉडेलच्या जगातलं हे सगळ्यात मोठं अमेरिकन नाव. १९५० च्या सुमाराला एका घड्याळ कंपनीसाठी शोभेचा घोडा बनवताना या कंपनीला आपला खरा धंदा सापडला. लोकांना घड्याळापेक्षा घोडाच हवा होता. आज केंटकीतल्या लेक्सिंग्टनला दरवर्षी ‘ब्रेयरफेस्ट’ नावाचा मेळा भरतो, १९९० पासून. ब्रेयरची मुख्य मालिका ‘ट्रॅडिशनल’. तिचा घोडा साधारण बारा इंच लांब, नऊ इंच उंच, आणि तोही कानापर्यंत. स्केल १:९. त्यासोबतच्या स्वारांच्या बाहुल्या आठ इंचांच्या आसपास असतात.

हा घोडा बार्बीसाठी चालेल का? गणित करू. १६ हँडचा घोडा १:९ मध्ये खांद्याला साधारण ७.१ इंच भरतो. बार्बीच्या जगात त्याला सहाने गुणायचं. येतात सुमारे ४३ इंच. आणि ब्रिटनमध्ये शेटलंड पोनीची कमाल उंची ४२ इंच ठरलेली आहे! म्हणजे ब्रेयरचा रुबाबदार रेसचा घोडा बार्बीशेजारी उभा केला की त्याचं शेटलंड तट्टू होतं. खोट घोड्यात नसते, त्याला चुकीच्या देशात पाठवलेलं असतं.

गंमत म्हणजे तोच घोडा बार्बीची धाकटी बहीण चेल्सी हिला छान बसतो. चेल्सी साधारण सहा इंचांची, म्हणजे १:६ मध्ये तीन फुटांची चिमुरडी. एवढ्या मुलीला शेटलंड पोनीवरच बसवतात. त्यामुळे तुमच्याकडे आधीच ब्रेयर ट्रॅडिशनल येऊन पडला असेल तर तो विकू नका, चेल्सी घ्या. ती त्या घोड्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

एक पथ्य मात्र आहे. रेसचा घोडा लहान केला म्हणून तो दिसायला पोनी होत नाही. शेटलंडचे पाय आखूड, मान जाड, पोट गोल आणि आयाळ दाट असते. रेसच्या घोड्याचे पाय लांब आणि अंग सडपातळ. फोटोत डोळा हे बरोबर पकडतो. म्हणून १:९ मध्ये पोनीचं काम करायला घोडा निवडायचा असेल तर ओझं ओढणाऱ्या, जाडजूड जातींचे साचे बघा. खुरांवर केसांचे झुपके असलेला भारदस्त घोडा १:९ मधून १:६ मध्ये आणला की तो मस्त गुबगुबीत पोनी दिसतो. ही युक्ती मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त आवडली.

ब्रेयरचीच त्याखालची, पूर्वी ‘क्लासिक्स’ नावाने विकली जाणारी मालिका १:१२ ची. तिथला १६ हँडचा घोडा खांद्याला ५.३ इंच, म्हणजे बार्बीसाठी ३२ इंच. हा झाला मिनिएचर हॉर्स. अमेरिकेतल्या मिनिएचर घोड्यांच्या एका संस्थेची मर्यादा ३४ इंच आहे. बार्बीने त्याला दोरीला धरून फिरवावं, वर बसू नये. पण सहा इंची ॲक्शन फिगर जमवत असाल तर हाच तुमचा खरा घोडा, कारण त्या फिगरही १:१२ च्याच असतात.

आपल्याकडच्या खेळण्यांच्या दुकानांत आणि मॉलमध्ये जास्त दिसतात ते श्लाइश या जर्मन कंपनीचे घोडे. रंगकाम देखणं, पण स्केल १:२० च्या आसपास. १६ हँडचा घोडा तीन इंचांचा. बार्बीच्या हिशेबाने तो दीड फुटाचा होतो, तेव्हा तो तिच्या दिवाणखान्यात शोभेची वस्तू म्हणून ठेवता येईल, तबेल्यात नाही. ‘शिंगरू’ म्हणूनही खपत नाही. नुकतं जन्मलेलं शिंगरूसुद्धा त्याहून बरंच उंच असतं आणि त्याचे पाय अंगाच्या मानाने काठीसारखे लांब असतात.

मग बार्बीचेच घोडे का घेऊ नयेत?

घ्या ना. मॅटेल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बार्बीसाठी घोडे काढते आहे. ‘डलास’ हा सोनेरी अंगाचा, पांढऱ्या आयाळीचा घोडा जुन्या कलेक्टरांच्या खास आठवणीतला. त्याच्याही आधी, १९६५ मध्ये, मार्क्स या अमेरिकन कंपनीने जॉनी वेस्ट नावाचा साडेअकरा इंची काउबॉय आणि त्याचा ‘थंडरबोल्ट’ घोडा बाजारात आणला होता. सेकंडहँड बाजारात १:६ च्या मापाला जवळ जाणाऱ्या घोड्यांमध्ये थंडरबोल्टचं नाव निघतंच.

अडचण वेगळी आहे. बाहुलीसोबत विकायचा घोडा मुलांसाठी बनवलेला असतो. शेपटी विंचरता यावी म्हणून ती भरघोस, डोळे मोठे, रंग कधीकधी गुलाबी. त्यातही महत्त्वाचं म्हणजे त्याचं पोट अरुंद असतं. का? कारण साध्या बार्बीच्या मांड्या बाजूला फारशा फाकत नाहीत. खऱ्या प्रमाणातल्या घोड्याच्या रुंद पाठीवर तिला बसवलं तर ती बसल्यासारखी दिसतच नाही, पाय पुढे ताणून तरंगते. म्हणून कंपनीने घोडाच बारीक केला. चूक म्हणता येणार नाही, ती तडजोड आहे. २०१५ मध्ये ‘मेड टू मूव्ह’ ही जास्त सांध्यांची बार्बी आली आणि स्वारीचे फोटो काढणाऱ्यांना जरा हायसं वाटलं. गुडघे, घोटे, कोपर, मनगट सगळं वळतं. लगाम धरता येतो, पाय रिकिबीत टाकता येतो.

याउलट १:६ च्या सिनेमा फिगरसाठी बनणारे रेझिनचे घोडे, उदाहरणार्थ ‘मिस्टर झेड’ या नावाने येणारे, शरीररचनेत फार अचूक असतात. ते जड असतात, महाग असतात आणि पडले तर पाय मोडतो. मुलांच्या हातात देण्याची वस्तू नव्हे ती. माझं मत विचाराल तर फोटोसाठी एकच घोडा घ्यायचा असेल तर असा घ्यावा, आणि खेळायला घ्यायचा असेल तर मॅटेलचा गुलाबी घोडाही उत्तम. दोन्हीची अपेक्षा एकाच घोड्याकडून केली की निराशा होते.

बाहुली बार्बी नसेल तर?

अमेरिकेत दीड फुटी बाहुल्यांचं मोठं विश्व आहे. १९८६ मध्ये सुरू झालेली अमेरिकन गर्ल ही त्यांची मोठी बहीण. १८ इंचांना तीनने गुणलं की ५४ इंच, म्हणजे साडेचार फूट. आठ-नऊ वर्षांच्या मुलीची उंची. म्हणून स्केल १:३. १९९१ मध्ये आलेली त्यांची फेलिसिटी ही अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातली मुलगी, आणि तिच्या गोष्टीच्या केंद्रस्थानीच ‘पेनी’ नावाची घोडी आहे. १:३ मध्ये मध्यम घोडा खांद्यालाच वीस इंच होतो. वन बीएचके घरात हा घोडा कुठे ठेवायचा, हा स्केलपेक्षा मोठा प्रश्न.

बटाट कंपनीच्या ‘आवर जनरेशन’ मालिकेचे घोडे वीस इंची म्हणून विकले जातात, पण ते एकूण उंचीचे वीस. खांद्याला चौदा-पंधरा इंच धरले तर खऱ्या जगात तो अकरा हँडच्या आसपासचा पोनी ठरतो. आणि नऊ वर्षांची मुलगी पोनीवरच तर बसते! इथे ‘लहान’ घोडाच बरोबर आहे. स्केल बघताना स्वाराचं वयही बघायचं ते यासाठी.

जपानची लिक्का-चान १९६७ पासूनची, साधारण २२ सेंटिमीटरची आणि कथेप्रमाणे पाचवीतली मुलगी. तिलाही पोनी हवा. बारा हँडचा पोनी १:६ मध्ये खांद्याला वीस सेंटिमीटर भरतो. ब्लाइथचा मामला वेगळा. उंची बार्बीएवढी, पण त्यातला मोठा हिस्सा त्या भल्यामोठ्या डोक्याचा. शरीर बघाल तर ते लिक्काच्या जवळचं. अशा बाहुलीची एकूण उंची विसरा. कमरेच्या सांध्यापासून तळपायापर्यंत पाय मोजा आणि त्याची दुप्पट करा. माणसाचे पाय साधारण निम्म्या उंचीचे असतात. ती तुमच्या बाहुलीची ‘खरी’ उंची. बार्बीचे पाय मात्र प्रमाणापेक्षा लांब आहेत, तिला हा नियम लावू नका.

टेप नसेल तर डोळ्याने कसं ओळखायचं?

प्रौढ बाहुलीला घोड्याच्या खांद्याशेजारी उभं करा, किंवा लिस्टिंगमध्ये तसा फोटो मागा. घोड्याचा खांदा बाहुलीच्या हनुवटीला आला तर तो साधारण १५ हँडचा. डोळ्यांना आला तर १६. तिच्या खांद्याला आला तर पोनी. कमरेला आला तर शेटलंड. या पद्धतीत स्केलचा आकडा माहीत असायचीही गरज नाही. बसवल्यावर तळपाय घोड्याच्या पोटाच्या रेषेच्या जवळ किंवा जरा खाली यावेत. घोड्याच्या गुडघ्यापर्यंत गेले की समजा घोडा लहान आहे.

विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारा: जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत किती सेंटिमीटर, पाठ किती रुंद, आणि खोगीर निघतं की चिकटवलेलं आहे? ‘बार्बीला चालतो’ या शब्दांवर जाऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की बाहुली त्यावर बसते. बसायला ती साबणाच्या वडीवरही बसते.

इथे एक आपला मुद्दा. १:६ मध्ये मराठा स्वार करू पाहणाऱ्यांनी युरोपियन घोड्यांच्या मापावर जाऊ नये. भीमा नदीच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टं ठेंगणी आणि काटक. १३ हँडचं तट्टू धरलं तर ५२ इंच, १:६ मध्ये खांद्याला पावणेनऊ इंच, सुमारे २२ सेंटिमीटर. म्हणजे वर सांगितलेल्या ‘योग्य’ २७ सेंटिमीटरच्या घोड्यापेक्षा बराच लहान. कुणी ‘घोडा छोटा वाटतोय’ अशी कमेंट केली तर खुशाल हा हिशेब दाखवा. मारवाडी घोडा हवा असेल तर उंची वाढवा आणि कानांकडे पाहा. टोकं आत वळून एकमेकांकडे झुकलेले कान ही त्याची खूण, ती नसेल तर नाव मारवाडी लिहिलेलं असलं तरी घोडा दुसराच.

छोटा घोडा आलाच तर

कॅमेरा तुमच्या बाजूने आहे. लहान स्केलचे घोडे बाहुलीच्या बरेच मागे ठेवा, ते दूर कुरणात चरणारे घोडे वाटतील. श्लाइशचे घोडे यासाठी झकास. थोडासा लहान घोडा लेन्सच्या जवळ आणि बाहुली एक पाऊल मागे ठेवली की फरक झाकला जातो. फक्त दोघांचे पाय फ्रेममध्ये येऊ देऊ नका, कारण जमीन दिसली की खोटेपणा उघडा पडतो. मोबाइल बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. वरून काढलेल्या फोटोत कितीही अचूक घोडा खेळणंच दिसतो.

भारतात खर्चाचा विचार आधी करावा लागतो. १ जानेवारी २०२१ पासून इथे विकायच्या खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणन बंधनकारक आहे, आणि खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के करण्यात आलं. त्यामुळे परदेशी साइटवर दिसणारी किंमत आणि घरी पोहोचणारी किंमत यांत मोठं अंतर पडू शकतं. नातेवाईक अमेरिकेहून येणार असतील तर ब्रेयर सामानात मावतो, अमेरिकन गर्लचा घोडा नाही.

आणि आल्यावर त्याला उन्हात ठेवू नका. ब्रेयरचे जुने घोडे सेल्युलोज ॲसिटेटचे असतात. हे प्लास्टिक मे महिन्यात बंद गाडीत राहिलं तर पाय वाकतात, आणि वर्षं जातील तसं पांढरा रंग पिवळा पडतो. गडद रंगाचं चामड्याचं खोगीर विनाइलच्या बाहुलीच्या मांडीवर डाग सोडतं, तो सहज निघत नाही. फोटो झाला की तिला खाली उतरवा, किंवा मध्ये पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा घाला. खऱ्या घोड्यावरही खोगिराखाली कापड असतंच.